गोल्फ कोर्स बघायचा कसा? नवीन खेळणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

राऊंड संपवून आलेल्या नवीन खेळाडूला विचारा कसं झालं, तो आधी आकडा, म्हणजे किती शॉट लागले ते, सांगणार. एकशे आठ, एकशे बारा, दोन बॉल पाण्यात गेले वगैरे. मग विचारा सातवा होल (राऊंडच्या अठरा टप्प्यांपैकी एक) कसा होता, तर तो जरा थांबतो, सातवा म्हणजे तो पाण्याचा का, नाही नाही तो सहावा, आणि शेवटी सोडून देतो. चार-पाच तास एका जागेवर घालवले, सात-आठ किलोमीटर तुडवले आणि त्या जागेबद्दल सांगायला काहीच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या खेळातली निम्मी मजा तिथेच आहे.

बॅडमिंटनचं कोर्ट जगात कुठेही जा, १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंदच असणार. गोल्फमध्ये मैदानाचं असं नियमाने बांधलेलं माप जवळपास एकच, ग्रीनवरच्या, म्हणजे होलच्या शेवटी असलेल्या गुळगुळीत गवतावरच्या, भोकाचा व्यास, १०८ मिलिमीटर. बाकी लांबी किती, वळण कुठे, बंकर (वाळूचे खड्डे) किती, उतार कुठल्या बाजूला, हे सगळं ती जमीन आणि तो कोर्स आखणारा माणूस ठरवतो. म्हणजे तुम्ही खेळता तेव्हा समोर एक न दिसणारा खेळाडू असतोच, त्याने आपले डाव कधीच टाकून ठेवलेत, कधी पन्नास वर्षांपूर्वी कधी शंभर, आणि ते डाव ओळखायचे की नुसतं मारत सुटायचं हे तुमच्यावर आहे.

खाली जे लिहितोय त्यात स्विंगबद्दल काही नाही. स्विंग सुधारायला वर्षं जातात, बघायला मात्र पुढच्या राऊंडपासून सुरुवात करता येते आणि त्यासाठी चांगला खेळाडू असायची गरज नाही.

पायरी १. जायच्या आधी वरून बघून घ्या

फोनवर सॅटेलाइट नकाशा उघडा आणि कोर्स वरून बघा, दहा मिनिटं पुरे. उत्तर दिशा कुठे आहे, वारा साधारण कुठून येतो, पाणी कुठे साठलंय, ओढा असेल तर तो कुठून कुठे वाहतो. ओढा नीट बघा, कारण तो त्या जमिनीतला सगळ्यात खालचा भाग दाखवतो, आणि ग्रीनवर उतार कळेनासा झाला की जमीन एकूण कुठे झुकलीय हे माहीत असणं फार कामाला येतं.

मग स्कोअरकार्ड. त्यावर प्रत्येक टीसाठी, म्हणजे होल सुरू करायच्या जागेसाठी, दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्या, म्हणजे साधारण पारइतक्या (ठरलेल्या अपेक्षित शॉटइतक्या) खेळणाऱ्या निष्णात खेळाडूला किती शॉट लागावेत, आणि स्लोप म्हणजे आपल्यासारख्या बोगी खेळाडूला (होलमागे पारपेक्षा साधारण एक शॉट जास्त घेणाऱ्याला) तोच कोर्स त्याच्या मानाने किती जास्त जड जाईल. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण म्हणून धरलेला आकडा. पण एक गैरसमज आधीच काढून टाका, स्लोप १४० आहे म्हणजे कोर्स भारी आहे असं नसतं. तो आकडा अवघडपणा सांगतो, कोर्स चांगला आहे की वाईट हे त्यात कुठेच येत नाही, आणि मला तरी आवडलेल्या कोर्सेसमध्ये कमी स्लोपवाले बरेच आहेत.

आता टी निवडणं. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय कारण इथेच बहुतेक जण चुकतात. मागच्या टीवरून खेळलं की खरा गोल्फ असं काहीतरी डोक्यात असतं आणि मग माणूस दिवसभर वूड, म्हणजे सगळ्यात लांब मारायचे क्लब, मारत बसतो. साधा हिशोब आहे, तुमचा फाइव्ह आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) नेहमी जितके यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा, ज्या टीवरून अख्खा कोर्स साधारण तेवढा लांब पडतो ती घ्या. १४० यार्ड जात असेल तर ५०४० यार्ड. यात कमीपणा काही नाही. डिझायनरने फेअरवेवरचा (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या वाटेवरचा) बंकर ज्या अंतरावर ठेवलाय तिथपर्यंत तुमचा बॉल पोचलाच नाही तर त्याचा डाव तुमच्यापर्यंत कधी येणारच नाही, तुम्ही वेगळाच, कंटाळवाणा कोर्स खेळून घरी जाल.

पायरी २. जमीन कुठल्या जातीची ते ओळखा

कोर्स आखणाऱ्याच्या आधी जमीन असते, आणि जमीन ओळखली की अर्धं काम झालं.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, आयर्लंडमधलं बॅलीबनियन, उत्तर आयर्लंडमधलं रॉयल काउंटी डाउन ही सगळी याच जातीची. वाळूतून पाणी लगेच निथळतं म्हणून जमीन कडक राहते, बारीक फेस्क्यू गवत, झाडं जवळजवळ नाहीत आणि वारा सतत. इथे उंच शॉट मारला की वारा घेऊन जातो, आणि ग्रीनवर पडला तरी टप्पा खाऊन पलीकडे. त्यामुळे बॉल खालून पळवायचा, ग्रीनच्या वीस-तीस यार्ड आधी टाकायचा आणि पुढचं काम उतारावर सोडायचं. पार्कलँड याच्या बरोबर उलट, झाडी, हिरवंगार, माती भारी, बॉल जिथे पडतो तिथेच थांबतो, सगळा खेळ हवेतून. हीथलँड या दोघांच्या मधलं, लंडनच्या आसपासचे बरेच कोर्स याच जातीचे, १९०१ मध्ये सुरू झालेलं सनिंगडेल ओल्ड त्यातलं नावाजलेलं, वाळूची जमीन, पाइनची झाडं आणि कडेला हेदरची झुडपं, त्या हेदरमध्ये बॉल गेला की लांब मारायचा विचार सोडा, वेज (जवळच्या, उंच शॉटचा क्लब) काढा आणि फेअरवेवर या. मेलबर्नच्या सँडबेल्टवर बंकर थेट ग्रीनच्या काठाला चिकटून कापलेले असतात, मध्ये रफ, म्हणजे वाढलेलं गवत, नाहीच. वाळवंटातल्या कोर्सवर गवताची नुसती बेटं, एका बेटावरून दुसऱ्यावर उडी. आणि डोंगरावरचा कोर्स असेल तर पाय कधीच सपाट जमिनीवर नसतात, बॉल पायांपेक्षा वर असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शॉट डावीकडे जातो, खाली असला की उजवीकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच शॉट वाचतात.

माझी एक सवय सांगतो. पहिल्या ग्रीनवर बॉल पडतो तेव्हा मी आवाज ऐकतो. धप्प असा दबका आवाज आला आणि पिच मार्क (बॉल पडून झालेला खळगा) खोल दिसला की आज सरळ झेंड्यावर मारायला हरकत नाही. टक् असा कोरडा आवाज आला, मार्क जेमतेम दिसतोय, तर दिवसभर ग्रीनच्या आधी टाकायचं. फेअरवेवरून चालताना बुटाची टाच रुतते का तेही बघा. एकच कोर्स पावसाआधी आणि पावसानंतर दोन वेगळे कोर्स असतात, आणि हे समजायला कुठलंही यंत्र लागत नाही.

पायरी ३. टीवर उभं राहून डाव शोधा

टीवर गेलं की आपण पहिली गोष्ट काय करतो, क्लब काढतो. तसं नका करू, अर्धा मिनिट नुसतं उभं राहा. झेंडा कुठे आहे, डावीकडे का उजवीकडे, पुढे का मागे? मग धोका कुठे आहे? आणि मग महत्त्वाचं, धोक्याच्या जवळ गेलं तर काय मिळतं?

हा तिसरा मुद्दा म्हणजे चांगल्या डिझाइनचं मर्म. कोर्स आखायच्या तीन पद्धती सांगतात. पहिली शिक्षेची, इथून तिथे मारलंच पाहिजे, नाही जमलं तर गेला. फ्लोरिडात टीपीसी सॉग्रासचा सतरावा होल म्हणजे याचं टोक, १३७ यार्ड आणि ग्रीन पाण्यात बेटासारखं. पीट डाय यांनी तो कोर्स केला, १९८० मध्ये सुरू झाला, तिथली चांगली वाळू बाकीच्या कोर्ससाठी उपसून काढल्यावर मोठा खड्डा राहिला आणि त्यात ग्रीनचं बेट करू या ही कल्पना त्यांच्या पत्नी अॅलिस डाय यांची. बघायला थरारक आहे यात शंका नाही, पण कोर्सवर असे नऊ होल असते तर खेळणारा मेटाकुटीला आला असता.

दुसरी पद्धत निवडीची, जी मला सगळ्यात जास्त भावते. यात सुरक्षित वाट रुंद असते, पण त्या वाटेने गेलं की पुढचा शॉट अवघड होतो. धोक्याला खेटून गेलात तर पुढे दार उघडं. ओल्ड कोर्सचा सतरावा, रोड होल, घ्या. उजवीकडे हद्दीबाहेर जायची भीती, टीवरून मारायचं तेसुद्धा शेडच्या आणि हॉटेलच्या कोपऱ्यावरून. डावीकडे भरपूर जागा. घाबरून डावीकडे गेलात तर ग्रीन आडवं आणि उथळ दिसतं, आपल्या आणि झेंड्याच्या मध्ये तो खोल रोड बंकर, आणि ग्रीनच्या पलीकडे रस्ता आणि भिंत. उजवीकडे हद्दीच्या जवळ राहिलात तर ग्रीनवर जायचा कोन बराच मोकळा होतो. म्हणजे डावी बाजू फुकट मिळते आणि तिचे पैसे दुसऱ्या शॉटला भरावे लागतात.

तिसरी पद्धत या दोघांचं मिश्रण, पाणी किंवा दरी तिरकी टाकलेली असते, जितकी जास्त ओलांडाल तितकं पुढचं अंतर कमी, किती ओलांडायची ते तुम्ही ठरवा. कुवत ओळखून पैज लावायची. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा तेरावा होल बघा, डावीकडे वळणारा पार पाच, ओढा डाव्या बाजूने. ओढ्याजवळ टाकलात तर अंतर कमी आणि उभं राहायला जमीन त्यातल्या त्यात सपाट, उजवीकडे सांभाळून गेलात तर लांबून आणि बॉल पायांपेक्षा वर असलेल्या उतारावरून ग्रीनसमोरचं पाणी पार करायचं.

तर टीवर उभं राहून स्वतःला एवढंच विचारा की हा बंकर इथेच का ठेवला. कधी तो वाट अडवायला असतो, पण पुष्कळदा तो वाट दाखवायला असतो, ग्रीनला जायची सगळ्यात चांगली वाट बरोबर त्याच्या बाजूने जाते म्हणून तो तिथे आहे. नवीन माणसाला बंकर दिसला की तो त्याच्यापासून जास्तीत जास्त लांब मारतो, आणि डिझायनरला नेमकं तेच हवं असतं.

पायरी ४. होल उलटा चालून बघा

मी ज्या कोर्सवर शिकलो तिथला चौथा होल, साधा ३६० यार्डाचा पार चार. उजवीकडे दोनशेच्या आसपास एक बंकर आणि डावीकडे मैदानच मैदान. मी कायम डावीकडे मारायचो, छान फेअरवेवर बसायचा, आणि तरी तिथे सहा लिहायचो, बॉल ग्रीनवर टाकला तरी मागे निघून जायचा. दोन वर्षं मला वाटत होतं माझे आयर्न वाईट आहेत. एका संध्याकाळी मागे कुणीच नव्हतं म्हणून पट (ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचा शॉट) संपवून मी ग्रीनवरून उलटा टीकडे चालत निघालो, काही ठरवून नाही, टीवर टोपी राहिली होती ती आणायला. आणि वीस पावलांवर वळून बघितलं तर ग्रीन उजव्या बाजूने सरळ उघडं, तोंडाशी काही नाही, उतार आपल्या दिशेने, बॉलला धरून ठेवणारा. तसाच डावीकडे गेलो, माझ्या नेहमीच्या जागेवर, आणि तिथून बघितलं तर पुढे बंकर आणि ग्रीन आपल्यापासून लांब उतरणारं. तो उजवीकडचा बंकर या उघड्या दाराचा राखणदार होता. मी तिथे कितीतरी वेळ उभा होतो. ज्याने तो होल आखला त्याचं नावही मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्याने माझ्याशी बोलल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून नवीन लोकांना मी हेच सांगतो, निदान एका होलवर तरी, कुणाची वाट अडत नसेल तेव्हा, ग्रीनवरून टीकडे बघत चाला. एवढं जमत नसेल तर ग्रीन सोडताना एकदा मागे वळून बघा. सेंट अँड्र्यूजला तर पूर्वी अख्खा कोर्स उलट्या दिशेने पण खेळायचे, आणि आजही रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो, गावातले लोक फिरायला येतात, त्या दिवशी कुणीही शांतपणे उलटं चालून बघू शकतो.

पायरी ५. चकवा ओळखा

अॅलिस्टर मॅकेन्झी हे मूळचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ते ब्रिटिश सैन्याबरोबर होते आणि बोअर सैनिक मोकळ्या माळावर खंदक कसे लपवतात हे त्यांनी तिथे बघितलं, पुढे त्यांनी छलावरणाचं काम केलं आणि मग पूर्णवेळ गोल्फ कोर्स. कॅलिफोर्नियातलं सायप्रेस पॉइंट त्यांचं, मेलबर्नला १९२६ मध्ये जाऊन रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स त्यांनी आखला, आणि अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्स यांच्याबरोबर ऑगस्टा नॅशनल. हे सांगायचं कारण म्हणजे सैनिकाचा डोळा फसवायची कला आणि गोल्फरचा डोळा फसवायची कला एकच आहे, हे त्यांच्या कामात दिसतं.

नेहमीचे चकवे थोडेच आहेत. बंकर ग्रीनला चिकटलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तीस यार्ड आधी असतो, मधली जमीन वरवंट्याच्या पाठीसारखी वळलेली असल्यामुळे दिसतच नाही, आणि आपण कमी अंतराचा क्लब घेतो. दुसरा, ग्रीनच्या मागे झाडंच नाहीत, नुसतं आकाश, मग अंतराचा अंदाज साफ चुकतो. तिसरा, टीच तिरकी बांधलेली असते, टीच्या कडा उजवीकडच्या झाडीकडे तोंड करून असतात आणि आपण त्या कडांना धरून उभे राहतो. यावर उपाय सोपा, बॉलच्या मागे जाऊन पुढे दोन फुटांवर एखादं गवताचं पातं धरा आणि त्याच्याशी सरळ उभे राहा. रेंजफाइंडर असेल तर वापरा, जरूर वापरा, पण आधी डोळ्याने अंदाज करा, मोठ्याने बोला १४५, आणि मग मोजा. जिथे दहा यार्डापेक्षा जास्त फरक येतो तिथे थांबा आणि शोधा का आला, तो चकवा असतो आणि तो एकदा सापडला की फार आनंद होतो.

पायरी ६. ग्रीनवर पाण्याची बादली

ग्रीनवर उभं राहून मनात एक बादलीभर पाणी ओता, ते कुठून निघून जाईल? प्रत्येक ग्रीन बांधताना पाण्याला बाहेर जायची वाट दिलेली असते, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तळं झालं असतं. ती वाट सापडली की मोठा उतार सापडला. मग पायांना विचारा, डोळे फसतात पण तळव्यांना कळतं कुठला पाय वर आहे, हळूच बॉलच्या आणि भोकाच्या मध्यावर जाऊन उभे राहा, दुसऱ्याच्या लाइनवर पाय न देता. उतार खालच्या बाजूने बघावा, वरून बघितलं की तो कमी वाटतो. बर्म्युडा गवत असेल तर त्याची लव बघा, चमकतंय म्हणजे लव तुमच्यापासून पुढे झोपलीय आणि पट वेगाने जाईल, काळपट दिसतंय म्हणजे समोरून येतेय, जरा जोरात मारा.

ग्रीनचा आकार बघताना आजूबाजूची कापलेली जमीन पण धरा. नॉर्थ कॅरोलायनात डोनाल्ड रॉस यांचं पाइनहर्स्ट नंबर टू आहे, १९०७ पासूनचं, तिथली ग्रीन उलट्या ताटलीसारखी, मध्ये उंच आणि कडेला घसरणारी, नकाशावर मोठी दिसतात पण बॉल थांबेल अशी जागा त्यातली थोडीच. २०१४ च्या यूएस ओपनमध्ये मार्टिन कायमर तिथे ग्रीनबाहेर गेलेले कितीतरी बॉल वेजने न उचलता पटरने (पट मारायच्या क्लबने) वर ढकलत होता आणि आठ शॉटनी जिंकला. नवीन माणसासाठी यात मोठा धडा आहे. ग्रीनभोवती गवत आखूड असेल तर पटर काढा, तुमचा वाईट पट तुमच्या वाईट चिपपेक्षा (वेजने उचललेल्या छोट्या शॉटपेक्षा) नेहमी जवळ राहतो.

पायरी ७. तीन-चार ओळखीचे साचे पाठ करा

राग ओळखू लागलात की मैफल जशी वेगळी ऐकू येते तसंच इथेही आहे, काही होल जगभर पुन्हापुन्हा भेटतात. सगळ्यात प्रसिद्ध रेडान. मूळ स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिक इथे, पंधरावा होल, नाव पडलं क्रिमियन युद्धातल्या तटबंदीवरून. पार तीन. ग्रीन तिरकं, पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणारं आणि उतारही तिकडेच, पुढे डावीकडे खोल बंकर. झेंडा डावीकडे मागे असला तर सरळ त्याच्यावर मारणं म्हणजे बंकरवरून जाणं, आणि बंकर ओलांडला तरी बॉल थांबत नाही. करायचं काय, तर झेंड्याच्या चांगलं उजवीकडे, ग्रीनच्या पुढच्या खांद्यावर टाकायचं आणि जमिनीने बॉल डावीकडे फिरवत नेलेला बघत उभं राहायचं. पहिल्यांदा हे जमतं ना, बॉल टप्पा घेतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग वळतो आणि चालायला लागतो झेंड्याकडे, तो पाच सेकंदांचा प्रवास लांब ड्राइव्हपेक्षा मला मोठा वाटतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी ब्रिटनमधले चांगले होल अभ्यासले आणि अमेरिकेत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्समध्ये त्यांची तत्त्वं वापरून नवे होल उभे केले, रेडान तिथे चौथा आहे. नंतर त्यांचे सहकारी सेथ रेनर यांनी हेच साचे कितीतरी ठिकाणी नेले. बियारित्झ म्हणजे ग्रीनला आडवी खोलगट घळ. आल्प्स म्हणजे टेकडीपलीकडचं न दिसणारं ग्रीन, मूळ स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकचा सतरावा. केप म्हणजे वर सांगितलेली तिरकी पैज. एवढे चार ओळखता आले तरी अनोळखी कोर्सवर गेल्यावर अरे हा तर रेडान असं तोंडून निघतं, आणि कधी उजवा-डावा उलटा केलेला असतो तेही दिसायला लागतं.

पायरी ८. वाट कशी फिरते ते बघा

हे पटकन सांगतो. एका होलवरून दुसऱ्यावर कसं नेलंय याला राउटिंग म्हणतात. ओल्ड कोर्स सरळ बाहेर जातो आणि परत येतो, त्यामुळे जाताना वारा पाठीला असेल तर येताना बहुधा तोंडावर. स्कॉटलंडमधल्याच मुइरफील्डमध्ये पहिले नऊ बाहेरच्या कडेने घड्याळाच्या दिशेने आणि पुढचे नऊ आत उलट्या दिशेने, त्यामुळे वारा सतत बाजू बदलतो. तुमच्या कोर्सवर चारही पार तीन एकाच दिशेला तोंड करून आहेत का ते तपासा. आणि शक्य असेल तेव्हा चालत खेळा, गाडीत बसलं की चढ-उतार पायांना कळत नाहीत, ग्रीनपासून पुढची टी किती जवळ आहे हेही कळत नाही, जुन्या कोर्सवर ती वीस पावलांवर असते आणि त्या जवळिकीमुळे राऊंडला एक लय येते.

पायरी ९. वेगवेगळं खेळा, आणि पहिल्या भेटीत निकाल देऊ नका

एकाच कोर्सवर शंभर राऊंड करण्यापेक्षा दहा कोर्सवर दहा-दहा करा असं मी म्हणेन. वाळूचा एक, झाडीचा एक, एक जुना आखूड, एक नऊ होलांचा. आखूड म्हणून नाक मुरडू नका, स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनचा आठवा होल फक्त १२३ यार्ड आहे, ग्रीन इतकं चिंचोळं की त्याला पोस्टेज स्टॅम्प म्हणतात, आणि तो लांब मारणाऱ्यांनाही घाम फोडतो. त्याच होलवर १९७३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जीन साराझेन यांनी ७१ व्या वर्षी होल-इन-वन केला, म्हणजे एकाच शॉटमध्ये बॉल भोकात. कधी मुद्दाम सातच क्लब घेऊन जा, परवानगी चौदाची असली तरी. अंतर भरून काढायला क्लब नसला की माणूस जमिनीकडे बघायला लागतो.

आणि कोर्स आवडला नाही तर लगेच वाईट म्हणू नका. बॉबी जोन्स १९२१ मध्ये पहिल्यांदा ओल्ड कोर्सवर ओपन खेळायला गेले, तिसऱ्या राऊंडमध्ये अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकले आणि वैतागून स्पर्धेतूनच बाहेर पडले. त्याच माणसाने १९२७ ची ओपन तिथेच जिंकली, १९३० मध्ये ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धाही तिथेच, आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं, बेंजामिन फ्रँकलिननंतर तो मान मिळालेले ते पहिले अमेरिकन. तिथल्या सात जोडग्रीन (दोन होलांना मिळून एक), न दिसणारे बंकर, फेअरवेवरच्या गाठीगाठी, पहिल्या दिवशी ते सगळं अन्याय वाटतं. अन्याय वाटलेल्या जागेवर दुसऱ्यांदा जा, वेगळ्या वाऱ्यात जा.

पायरी १०. घरी जायच्या आधी

एक छोटी वही ठेवा. स्कोअरकार्ड न बघता अठरा होल क्रमाने आठवायचा प्रयत्न करा, जे आठवत नाहीत त्यांच्यापुढे नुसता आकडा लिहून जागा मोकळी सोडा. ती मोकळी जागा पण बरंच सांगते, कधी तुमचं लक्ष नव्हतं, कधी होलमध्येच काही नव्हतं, आणि पुढच्या वेळी गेल्यावर कुठलं ते कळतं. प्रत्येकापुढे दोन ओळी पुरे, झेंडा कुठे होता, कुठून मारायला हवं होतं. स्कोअर लिहू नका, तो कार्डावर आहेच.

आणि जमलं तर दिवसातली शेवटची वेळ घ्या. दुपारी डोक्यावर ऊन असताना फेअरवे सपाट हिरवा कागद दिसतो. सूर्य खाली गेला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडायला लागते, ग्रीनवरची ती घळ, फेअरवेवरचा तो खांदा, बंकरची ओठासारखी वळलेली कड, दिवसभर पायाखालून गेलेलं सगळं अचानक वर येतं. अठराव्याचा पट टाकून झाला की बॅग उचलून लगेच निघू नका, ग्रीनच्या मागे जाऊन टीकडे तोंड करून दहा मिनिटं उभे राहा, ऊन जाईपर्यंत.